मागचे दाखवणारा आरसा आधी घंटागाडीला हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

चालकासमोरच्या आरशातच छोटा पडदा असलेले आणि मागच्या कॅमेऱ्याचे चित्र त्यावर दाखवणारे आरसे आता मोटारींच्या साहित्याच्या दुकानांत सहज मिळतात आणि मोटारींचे मालक ते हौसेने बसवूनही घेतात. मात्र साताऱ्याच्या पेठांतून ज्या गाड्या रोज मागे घ्याव्याच लागतात, त्या घंटागाड्या, शाळेच्या व्हॅन आणि मालाचे छोटे टेम्पो यांत ही सोय क्वचितच दिसते.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडील पेठांत बोळ अरुंद, त्यात चढउतार, आणि काही बोळांना पुढे वाटच नाही. अशा बोळात शिरलेली घंटागाडी उलटीच बाहेर येते. चालकाने आतल्या आरशात पाहिले तर हौद्याचा पत्रा दिसतो, बाजूच्या आरशांत भिंती आणि लावलेल्या दुचाकी दिसतात. पण गाडीच्या नेमकी मागे बादली घेऊन उभी असलेली आजी किंवा चेंडूमागे धावलेले पोर यांपैकी कशातच येत नाही. मागे उभा राहून ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा मदतनीस त्या वेळी बहुधा कचरा उचलण्यात गुंतलेला असतो. रिव्हर्सची धून वाजते खरी, पण तिला गल्लीचे कान इतके सरावले आहेत की ती ऐकून कोणी बाजूला होत असेल, असे मला वाटत नाही.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे झाले. अमेरिकेत तर मे २०१८ पासून नव्या मोटारींना आणि हलक्या वाहनांना मागचा कॅमेराच बंधनकारक आहे. सेन्सर मागे काहीतरी आहे एवढेच सांगतो आणि बारीक खांब किंवा जमिनीलगतची वस्तू त्याच्याकडून सुटू शकते. कॅमेऱ्यात मागे काय आहे ते प्रत्यक्ष दिसते. आरशातल्या पडद्याची जोडणी सहसा रिव्हर्सच्या दिव्याच्या वायरीवरून घेतात, त्यामुळे गिअर टाकताच चित्र उमटते, एरवी तो साधा आरसाच राहतो. जुन्या गाडीत त्यासाठी डॅशबोर्ड उघडावा लागत नाही, हे टेम्पोवाल्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे.

बसवणाऱ्याने मात्र घाई करू नये. चित्र आरशातल्यासारखे दिसेल अशी मांडणी केली नाही, तर डावीकडचे मूल पडद्यावर उजवीकडे दिसते आणि चालक नेमका त्याच्याच अंगावर गाडी वळवू शकतो. रुंद कोनाच्या भिंगामुळे वस्तू आहे त्यापेक्षा दूर भासते. पडद्यावरच्या अंतराच्या रेषा सपाट जमिनीचा हिशेब धरून आखलेल्या असतात. मागे चढ किंवा उतार सुरू होत असेल, तर त्या फसवतात, आणि साताऱ्यात सपाट बोळ शोधावाच लागेल! शिवाय आपल्या पावसाळ्यात नंबरप्लेटवरच्या कॅमेऱ्याचे भिंग चिखलाने माखायला एक फेरी पुरते. रात्री रिव्हर्सचा दिवाच बंद असेल, तर साध्या कॅमेऱ्यात जवळजवळ काहीच दिसत नाही.

म्हणून नगरपालिकांनी घंटागाड्यांच्या पुढच्या निविदेतच कॅमेरा आणि आरशातला पडदा यांची अट घालावी, आणि सकाळी गाडी बाहेर काढण्यापूर्वी भिंग पुसणे व रिव्हर्सचा दिवा पाहणे हे ठेकेदाराच्या कामात लिहून द्यावे. शाळेच्या व्हॅनबाबत पालक-शिक्षक संघांना निविदेची वाट पाहण्याचे कारण नाही. व्हॅनचालकाशी वर्षाचे भाडे ठरवतानाच हा विषय काढता येईल. कॅमेरा बसला तरी मदतनिसाला मागे उभे राहण्यातून सूट मिळू नये, हेही त्याच अटीत असावे. कारण कॅमेऱ्याला मागचे पोर दिसते, पण त्याला हाताला धरून बाजूला करता येत नाही.

आपला,
एक वाचक
मंगळवार पेठ, सातारा