व्हीसेंटरच्या डेटाबेसला कुणी वाली आहे का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

'सर्व्हर डाऊन' हे दोन शब्द आता खेड्यातल्या आजीला पण पाठ झालेत. पेपरात बातमी येते, लोक ताटकळले, दुपारनंतर चालू झालं, विषय संपला. पण डाऊन झालं म्हणजे नेमकं काय बंद पडलं हे कुणी सांगतही नाही आणि विचारतही नाही. मी पंधरा वर्षं जिल्ह्याच्या गावात सर्व्हर सांभाळतोय, त्यातली एक गोष्ट मला फार दिवस सलतीय म्हणून हे पत्र.

आधी एका डब्यावर एक काम असायचं. आता तीन-चार मोठी मशीन (होस्ट) घेतात आणि त्यांच्यावर सॉफ्टवेअरनं तयार केलेले तीस-चाळीस व्हर्च्युअल सर्व्हर (व्हीएम) चालवतात, आणि या सगळ्यांचा कारभार बघायला एक मॅनेजमेंट सॉफ्टवेअर असतं. आपल्याकडं जास्त करून व्हीएमवेअरचं व्हीसेंटर. हे व्हीसेंटर सगळं एका डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं, कुठली व्हीएम कुठल्या होस्टवर, कुणाला काय परवानगी, दर पाच मिनिटांनी सीपीयू-मेमरी किती खाल्ली, कुणी कधी काय बदललं, सगळं. खरेदी करताना मशीनच्या कोअरवर आणि डिस्कच्या टीबीवर तासन्‌तास घासाघीस होते, पण या डेटाबेसबद्दल एक ओळ नसते. व्हेंडरचा इंजिनिअर येतो, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश करतो, सही घेतो आणि जातो.

२०१४ सालची गोष्ट सांगतो. एका हॉस्पिटलचं काम माझ्याकडं होतं, व्हीसेंटर ५.१ विंडोजवर आणि त्याच्याच सोबत येणारा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस, एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ एक्सप्रेस. तो फुकट असतो पण एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा, आणि व्हीएमवेअर स्वतःच सांगायची की ५ होस्ट आणि ५० व्हीएमपर्यंतच वापरा. आमचे होस्ट ३, व्हीएम तीसच्या आसपास, म्हणजे आम्ही नियमात बसत होतो. पण आधीच्या कुणीतरी एकदा स्लो का चाललंय हे शोधायला स्टॅटिस्टिक्स लेव्हल (आकडे किती बारकाईनं साठवायचे ती पातळी) १ ची ३ केली होती आणि परत खाली आणलीच नाही. जुने इव्हेंट आणि टास्क पुसायचा जो पर्याय असतो त्याला टिकमार्कच नव्हता. फाइल आत आत फुगत गेली, कुणाला पत्ता नाही.

एका रात्री होस्टच्या मेमरीची एरर यायला लागली, म्हटलं चालू व्हीएम दुसरीकडं सरकवू, तर व्हीसेंटर उघडेचना. सर्व्हिस चालू केली की अर्ध्या मिनिटात परत बंद. लॉग (नोंदींची फाइल) उघडला तर एकच ओळ पुन्हा पुन्हा, जागा देता येत नाही, प्रायमरी फाइलग्रुप फुल, म्हणजे डेटाबेसची फाइल भरली. डेटाबेसच्या एमडीएफ फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघितल्या, बरोब्बर १० जीबी. व्हीसेंटर बंद असलं तरी व्हीएम चालू राहतात, एचएसुद्धा (होस्ट पडला तर त्याच्यावरच्या व्हीएम दुसरीकडं चालू करणारी सोय) होस्टवरून आपलं काम करतं, त्यामुळं पेशंटचं काही अडलं नाही तेव्हा, पण चालती व्हीएम सरकवायची सोय गेली होती आणि तो होस्ट कधी बसेल सांगता येत नव्हतं. मग होस्टवर थेट लॉगिन करून एकेक व्हीएम बंद करायची, दुसऱ्या होस्टवर हातानं रजिस्टर करायची, चालू करायची, असं पहाटे साडेपाचपर्यंत. आठला ओपीडीचं रजिस्ट्रेशन सुरू होतं, त्याच्या आत झालं तेव्हा जीव भांड्यात पडला. डेटाबेस नंतर दुपारी साफ केला. एक टिकमार्क आणि एक आकडा, एवढ्यासाठी ती रात्र गेली.

पुढं आम्ही रीतसर पूर्ण एसक्यूएल सर्व्हरवर गेलो तर तिथं वेगळीच तऱ्हा. रिकव्हरी मॉडेल फुल ठेवलेलं (म्हणजे लॉगचा बॅकअप होईपर्यंत प्रत्येक बदलाची नोंद जपायची) आणि लॉगचा बॅकअप कुणीच लावलेला नाही, त्यामुळं ट्रान्झॅक्शन लॉग वाढत वाढत सगळा ड्राइव्ह खाऊन बसला. एसक्यूएल एजंट (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सर्व्हिस) मॅन्युअलवर, म्हणजे मशीन रीस्टार्ट झाल्यावर तो उठलाच नाही, आणि दिवसाचे आकडे आठवड्यात, आठवड्याचे महिन्यात गोळा करणारे रोलअप जॉब बंद. आणि एका ऑडिटनंतर कुणीतरी चांगल्या हेतूनं डेटाबेसच्या युजरचा पासवर्ड बदलला पण व्हीसेंटरला सांगितलं नाही, सकाळी सगळं ठप्प. व्हीपीएक्सडी डॉट ईएक्सई मायनस पी ही एक कमांड मारून नवा पासवर्ड दिला की काम होतं, पण ती माहीत असलेला माणूस तोवर नोकरी सोडून गेलेला, आणि व्हेंडरनं हात वर केले.

आता लोक म्हणतात हे जुनं झालं. खरंय, एप्रिल २०२० मध्ये ७.० आलं तेव्हापासून विंडोजवरचं व्हीसेंटर बंद झालं, बाहेरचा एसक्यूएल नाही की ओरॅकल नाही, अप्लायन्सच्या (तयार व्हीएम म्हणून मिळणाऱ्या व्हीसेंटरच्या) पोटातच पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस असतो. पण म्हणून डेटाबेस नाहीसा झाला का? उलट आता तो दिसत नाही म्हणून अजून दुर्लक्ष. बसवताना टायनी साइज निवडतात, ती १० होस्ट आणि १०० व्हीएमसाठी, आणि नंतर वाढलं तरी कुणी बघत नाही. आकडे आणि इव्हेंट ज्या पार्टिशनवर जातात ते स्टोरेज सीट ९५ टक्के भरलं की व्हीसेंटरची मुख्य सर्व्हिस स्वतःच बंद होते. २०१४ ला जे झालं तेच, फक्त नाव बदललं.

आणि एक महत्त्वाचं. सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ चा आदेश आहे, सगळ्या सिस्टिमचे लॉग १८० दिवस भारतात जपून ठेवा. व्हीसेंटरमध्ये इव्हेंट आणि टास्क ठेवायची मुदत डिफॉल्टला ३० दिवस असते. कितीजणांनी बघितलंय? नुसता आकडा १८० करून चालत नाही, जागा पण तेवढी लागते, नाहीतर लॉग बाहेरच्या, लॉग गोळा करणाऱ्या सिसलॉग सर्व्हरवर पाठवा. स्टॅटिस्टिक्सच्या सेटिंगमध्येच होस्ट आणि व्हीएमची संख्या टाकली की अंदाजे किती जागा लागेल ते दाखवतं, दोन मिनिटांचं काम आहे.

बॅकअपचं तर विचारूच नका. व्हीसेंटरच्या ५४८० पोर्टवरच्या सेटिंगच्या पानातून फाइल बॅकअप लावता येतो, ६.७ पासून रोजचं शेड्यूल पण करता येतं, पण तो परत आणायला (रिस्टोअर करायला) त्याच व्हर्जनचा आयएसओ, म्हणजे इन्स्टॉलेशनची फाइल लागते. २२ नोव्हेंबर २०२३ ला ब्रॉडकॉम कंपनीनं व्हीएमवेअर विकत घेतलं, पुढं २०२४ मध्ये डाउनलोड पण त्यांच्या पोर्टलवर गेले, आणि ज्यांचा सपोर्ट संपलाय त्यांना आयएसओ मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून तो आत्ताच बाजूला काढून ठेवा, आणि बॅकअपला एन्क्रिप्शनचा पासवर्ड लावला असेल तर तोही कागदावर लिहून पाकिटात. खर्चामुळं प्रॉक्समॉक्सकडं (व्हीएमवेअरच्या जागी वापरतात ते सॉफ्टवेअर) चाललेल्यांना पण सांगतो, तिथंही सगळं कॉन्फिगरेशन कॉन्फिग डॉट डीबी नावाच्या एका छोट्या एसक्यूलाइट डेटाबेसच्या फाइलमध्ये असतं, ती पण जपायचीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की टेंडरमध्ये आणि हँडओव्हरच्या कागदात या डेटाबेसचं एक वेगळं पान पाहिजे. मुदत किती, लेव्हल किती, जागा किती, बॅकअप कुठं, पासवर्ड कुणाकडं, आणि जबाबदार माणसाचं नाव. बिल पास करायच्या आधी व्हेंडरकडून एकदा रिस्टोअर करून घ्यावा, समोर बसून. आपल्या पेपरनं पण पुढच्या वेळी सर्व्हर डाऊनची बातमी करताना संबंधितांना एवढा प्रश्न जरूर विचारावा, शेवटचा रिस्टोअर कधी करून बघितला होता?

आमच्याकडं दर तीन महिन्यांनी दुसऱ्या शनिवारी वेगळ्या नेटवर्कवर नवीन अप्लायन्स उभं करून त्यात बॅकअप ओतून बघतो. मागच्या वेळी पहिला प्रयत्न फसला, एफटीपीच्या फोल्डरची परवानगी कुणीतरी बदलली होती. ते शनिवारी कळलं म्हणून दुरुस्त करता आलं.

आपला,
एक सिस्टिम अॅडमिन
(नाव छापू नये ही विनंती)