एकमेकांची

जालना, रविवार दुपार

प्रिय आई आणि बाबा,

सप्रेम सलाम.

फोन केला की बाबा दोन मिनिटांत "सगळं ठीक आहे, ठेवतो, बिल वाढतंय" म्हणतात. बिल वाढायचे दिवस कधीच गेले, पण ते त्यांना कोण सांगणार! म्हणून पत्र लिहितेय. हे मध्येच ठेवून देता येणार नाही.

परवा शेजारच्या खालाच्या नातवाचा फोन आला होता. बाबा रात्री एकटेच उठले, भिंत धरून संडासला निघाले आणि उंबऱ्यात कोलमडले. आईची झोप मोडेल म्हणून हाकसुद्धा मारली नाही. महिनाभरापूर्वी खुब्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने हे करावं? तो पोरगा रोज रात्री आपल्याकडे झोपायला तयार होता, त्याला तुम्ही "तुझी परीक्षा आहे" म्हणून परत पाठवलंत. बाबा, त्याची परीक्षा मार्चमध्येच संपली.

रागावलेय मी. आणि राग निघालाच आहे तर एक जुनंही सांगून टाकते.

1993 साली मी दुसरीत होते. विसर्जनाची रात्र होती, पहाटे चारच्या सुमाराला घर हललं आणि आपण सगळे अंधारात रस्त्यावर आलो. उजाडल्यावर किल्लारीकडच्या बातम्या यायला लागल्या. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, झोपेतली माणसं त्याच्याखाली गेली. बाबा औषधांची पेटी घेऊन आपल्या चर्चच्या मंडळीच्या जीपने निघाले आणि आईने घरातलं पांघरूण न् पांघरूण त्यात भरलं. त्यात आजीने शिवलेली माझी गोधडी होती. आजीच्या हिरव्या लुगड्याची, मधोमध माझ्या झबल्याचा पिवळा तुकडा असलेली. मी जीपच्या मागे रडत पळाले. आई म्हणाली, "दुसरी शिवू." ती दुसरी काही शिवली गेली नाही. कुणाच्या तरी लेकराला तिची ऊब मिळाली असेल, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या घरात देताना कुणालाच विचारायची पद्धत नव्हती.

पुढे मीही तेच शिकले, नर्स झाले, आणि तुमच्यासारखीच हट्टी झाले. मागच्या महिन्यातली गोष्ट. वॉर्डात परतूरकडचे एक आजोबा होते, साखरेचे पेशंट. पायाला जखम, टाचांच्या भेगांत काळी माती इतकी मुरलेली की साध्या पुसण्याने निघेना. कोमट पाण्याची बादली घेऊन मी खाली बसले तर त्यांनी पाय पोटाशी ओढले. "सिस्टर, पायाला नका वो हात लावू, पाप लागंल मला." पाय बघितल्याशिवाय ड्रेसिंग कशी करणार, म्हणून समजावून धुतले. भेगेतली माती कापसाने कणाकणाने निघत होती. पाणी तीनदा बदललं. दुसऱ्या दिवशी त्यांनी उशाखालून कागदात बांधलेला गुळाचा खडा काढून माझ्यापुढे धरला. मी सवयीने म्हणाले, "नको बाबा, तुम्हीच खा." त्यांचा चेहरा असा पडला! आधी मला वाटलं, साखरेच्या पेशंटला मी गूळ खा म्हणाले, त्याचंच त्यांना हसू यायला हवं होतं. मग उमजलं. काल त्यांनी मला पाय दिले होते, आज मी त्यांचा गूळ घेत नव्हते. मागे फिरून मागून घेतला आणि तिथंच उभ्या उभ्या खाल्ला.

त्या रात्री बायबलातला योहानाचा तेरावा अध्याय काढला. प्रभू येशू शिष्यांचे पाय धुवायला वाकला, पेत्र धुऊ देईना, तेव्हा प्रभूने त्याला किती कडक शब्दांत सांगितलं: धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटाच नाही. लहानपणापासून आपण त्या घंगाळाकडे, कमरेच्या रुमालाकडे बघत आलो, वाकणाऱ्याकडे बघत आलो. पाय पुढे करणं किती अवघड असतं, याचं कुणी काही बोललं नाही.

बाबा, तुमचं आवडतं वचन गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातलं, 'एकमेकांची ओझी वाहा.' त्यातलं 'एकमेकांची' कुठे गेलं? तुम्ही लगेच तीन ओव्या पुढे जाऊन 'प्रत्येकाने आपला भार वाहिला पाहिजे' दाखवाल, ते मला ठाऊक आहे. पण प्रभू स्वतः मागून घ्यायचा. शमरोनी बाईकडे पाणी मागितलं, शिमोनाची होडी घेतली, शिंगरूसुद्धा दुसऱ्याचंच आणवलं.

मागच्या रविवारी उपासनेनंतर बेथेलला जाऊन आले. नारायण शेषाद्रींचं गाव. ब्राह्मण घरातला माणूस, 1843 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मांग-महारांच्या कुटुंबांना घेऊन इथे वस्ती केली. त्यांनी दिलं किती हे आपण नेहमी सांगतो. जमीन मात्र निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळाली होती. तेव्हा त्यांनी "नको, आमचं आम्ही बघू" म्हटलं असतं तर?

आणि खालाचं म्हणाल तर 2016 आठवा. मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं, ते वर्ष. टँकरचा नेम नव्हता आणि खालाची सून नुकती बाळंत झालेली. आई, तू आपल्या दोन घागरी तिच्या दारात नेऊन ठेवल्यास आणि वर "आम्हाला लागतंय किती" म्हणालीस. तुम्हाला लागत होतं, मला ठाऊक आहे. खालालाही ठाऊक आहे. तिने नातवाला पाठवलं ते उगाच नाही. त्या घागरी तिच्या डोक्यावरून उतरू द्या.

तर सोमवारपासून तो रात्री नऊला येईल. मी त्याच्याशी बोललेय. बाबांच्या खाटेशेजारी त्याची सतरंजी टाका, रात्रीचा दिवा चालू ठेवा, आणि उठायचं झालं तर बाबांनी त्याला हाक मारायची. हळू नाही, मोठ्याने. वॉकर त्याच्या हातात नको, बाबांच्या हातात हवा, त्याने फक्त मागे उभं राहायचं. कॅल्शियमच्या गोळ्या जेवणानंतरच.

शनिवारी मी येतेय, चार दिवस सुट्टी मिळालीय. आई, तुझी जुनी लुगडी कुणाला देऊन टाकू नकोस. हिरवं असेल तर वेगळं काढून ठेव. मला गोधडी हवीय. तुझ्याकडूनच. मागतेय.

तुमची,
बेबी