ताई, माझ्या वर्गात घाना आलं ते तुमच्यामुळे

ताई,

येत्या जूनमध्ये तुम्ही रिटायर होताय. सेंड-ऑफला भाषणं इंग्रजीत होणार, प्रत्येकाला दोन-दोन मिनिटं मिळणार, आणि मला जे बोलायचंय ते काही तेवढ्यात मावणारं नाही, म्हणून इथे मराठीत, सगळ्यांसमोर, ऐसपैस लिहितेय. न्यू जर्सीत आणि बाकी अमेरिकेतही आपली कितीतरी मंडळी शाळांमध्ये शिकवतात, त्यांनी पण वाचावं असं वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगते. फुलब्राइट-हेज म्हणून एक कार्यक्रम आहे, १९६१ च्या कायद्यातून सुरू झालेला, आणि त्यातला एक भाग म्हणजे ग्रुप प्रोजेक्ट्स अब्रॉड. मी घानाला गेले तेव्हा याची पद्धत अशी होती, की अमेरिकेचं शिक्षण खातं युनिव्हर्सिटीला पैसे देतं, युनिव्हर्सिटी शाळांमधल्या शिक्षकांचा एक ग्रुप निवडते, उन्हाळ्याच्या सुट्टीत चार-सहा आठवडे एखाद्या देशात नेते, तिथली भाषा थोडीफार शिकवते, तिथल्या प्राध्यापकांची लेक्चर्स असतात, शाळा बघायच्या, बाजार, कारागिरांची गावं फिरायची, आणि परत आल्यावर प्रत्येकाने धडे लिहून द्यायचे जे दुसऱ्या शिक्षकांनाही वापरता येतील. मला यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. स्टाफ रूममध्ये कॉपियरपाशी उभ्या उभ्या तुम्ही विचारलंत, "ग्रीन कार्ड आहे ना तुझं? मग भर की फॉर्म, सिटिझनच पाहिजे असं काही नाही." एवढं एक वाक्य कोणी वेळेवर सांगणं याला किती किंमत असते ते त्यातून गेलेल्यालाच कळतं.

आणि मग तो निबंध, तुम्हाला का जायचंय यावर. तुम्ही तुमच्या सेनेगलच्या वेळचा मला दाखवला नाहीत, म्हणालात बघितलास तर तसाच लिहिशील. त्याऐवजी विचारलंत, माहेर कुठलं? मी म्हटलं नगर. "मग मलिक अंबर शिकलीस ना शाळेत, तो मूळचा कुठला?" इथिओपियाचा, हबशी. "शहाजीराजे आणि शरीफजी भातवडीला लढले ते कोणाच्या बाजूनं? तुझ्या घरापासून किती लांब आहे भातवडी?" ताई, लहानपणापासून त्या रस्त्यानं गेलेय मी. १६२४ ची ती लढाई, निजामशाहीचा तो वजीर, पुढे औरंगाबाद झालेलं खडकी शहर वसवणारा आणि तिथं नहर आणणारा माणूस, हे सगळं पाठ होतं, पण आपल्या इतिहासात आफ्रिका एवढी मधोमध बसलेली आहे असं त्या दिवसापर्यंत कोणी म्हणून दाखवलं नव्हतं. निबंध तिथूनच सुरू केला आणि एका रात्रीत लिहून झाला.

जायच्या आधी तुम्ही एक गोष्ट सांगितलीत, ती मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली होती. "आफ्रिका शिकवायला जाऊ नकोस, ५४ देश आहेत ते. एका गावातली एक सकाळ नीट बघून ये आणि तेवढीच शिकव." आज माझ्या वर्गात जे काही चालतं ते सगळं यावर उभं आहे, म्हणून आभार मानायचे तर सगळ्यात आधी याचे.

म्हणजे बघा, घानातल्या कुमासी शहरात आमच्या मुक्कामाच्या जवळ सकाळी एक बाई वाके विकायला बसायची. बाकीचा ग्रुप बसमध्ये चढायच्या आत मी तिच्यापाशी जाऊन उभी राहायचे. वाके म्हणजे चवळी आणि भात एकत्र शिजवलेला, रंग चॉकलेटी-लालसर, आणि तो रंग मसाल्याचा नाही हं, त्यात ज्वारीच्या ताटाची सुकलेली पानं टाकून उकळतात त्याचा आहे. मी ती पानं पातेल्यातून वर येताना बघितली आणि बघतच राहिले, नगरच्या माणसाला ज्वारी ओळखायला कोणी शिकवायला लागत नाही! वर शिटो म्हणून मिरचीची काळी चटणी, सुकी मच्छी घातलेली, उकडलेलं अंडं, गारी म्हणजे कसाव्याचा, आपल्या साबुदाण्याच्या कंदाचा, भाजलेला रवा, आणि चक्क स्पॅगेटी. सगळं मोठ्या हिरव्या पानात बांधून देते. आणि मागायचं कसं, तर पैशांत. इतक्या सेडींचा वाके, इतक्याची स्पॅगेटी, इतक्याचं गारी. शाळेत निघालेली पोरं रांगेत उभी राहून असा हिशोब करत होती की माझ्या सहावीतल्या पोरांना कागदावरही जड जाईल, तर तोच हिशोब मी आता वर्गात करून घेते, १०० पेसेवा म्हणजे एक सेडी, तुमच्याकडे इतके आहेत, पोटभर घ्या.

आणि मग त्यातून पुढे काय काय निघालं! ज्वारी मुळात आफ्रिकेची, सुदानच्या बाजूची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातली. नाचणी पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातली. चवळी पण आफ्रिकेचीच, आणि घानाच्या मध्यभागातल्या जुन्या वस्त्यांमध्ये चवळीचे साडेतीन हजार वर्षांहून जुने दाणे सापडलेत. आपली भाकरी, नाचणीचं सत्त्व, चवळीची उसळ, हे सगळं हजारो वर्षांपूर्वी तिथल्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून घडवलेलं धान्य आहे. वर्गात गुजराती, तेलुगू, पंजाबी घरांतली पोरं आहेत, त्यांना मी सांगितलं घरी जाऊन डबे उघडून बघा यातलं काय काय आहे, दुसऱ्या दिवशी यादी घेऊन आली सगळी. एकाच्या आजीनं बाजरीचा रोटला करून पाठवला. आईवडील घानाहून आलेला एक मुलगा आहे, वर्षभर गप्प बसणारा, तो त्या दिवशी उठून म्हणाला आमच्याकडे दर शनिवारी वाके असतो, आणि पानं कुठल्या दुकानात मिळतात ते त्यानं मला लिहून दिलं. ताई, मी तुम्हाला त्याच दिवशी फोन केला होता, आठवतं ना?

शाळा बघायला गेलो तेव्हाही तुमचंच ऐकलं, फोटो कमी काढले आणि सकाळ पहिल्यापासून बघितली. मुलं आधी येऊन आवार झाडतात, मग असेंब्ली, राष्ट्रगीत, मग ड्रमच्या तालावर एकेक वर्ग आत जातो. तिथल्या मॅडमनी त्यांच्या मुलांकडून आमच्या मुलांसाठी प्रश्न लिहून घेतले. त्यातला एक होता, तुमच्याकडे शाळा कोण झाडतं? माझ्या वर्गाला याचं उत्तर द्यायला अख्खा पिरियड लागला, कारण आधी कस्टोडियन काकांना जाऊन विचारावं लागलं की ते किती वाजता येतात आणि काय काय करतात. अशी पत्रं आता नेहमी जातात-येतात.

ओवारे या तिथल्या खेळाबद्दल तर किती सांगू. लाकडाचा बोर्ड, दोन ओळींत सहा-सहा खळगे, प्रत्येकात चार बिया, एकूण ४८. एका खळग्यातल्या सगळ्या उचलायच्या, घड्याळाच्या उलट दिशेनं एकेक टाकत जायचं, शेवटची बी समोरच्याच्या खळग्यात पडून तिथं दोन किंवा तीन झाल्या की त्या आपल्या. नियम दहा मिनिटांत कळतात, खेळ मात्र येत नाही, पुढच्या चार चाली डोक्यात ठेवाव्या लागतात. आणि त्या बिया हातात घेतल्या तर काय, राखाडी, गुळगुळीत, टणक, सरळ सरळ सागरगोटे! तीच वनस्पती, तेच बी. मी बाजारात उभी राहून मोठ्यानं हसले, विकणारे आजोबा पण हसले, मग मी त्यांना पाच सागरगोटे वर उडवून झेलून दाखवले. पुढे वर्गात निम्म्या बिया हरवल्या तेव्हा तुम्ही डोंबिवलीहून तुमच्या आईच्या डब्यातले सागरगोटे मागवून आणून दिलेत. माझी मुलं आज घानाच्या बोर्डावर कोकणातल्या बियांनी खेळतात. याचे आभार कसे मानायचे ते मला खरंच सुचत नाही.

आता किल्ल्याचं. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या राज्यात २००२ पासून ॲमिस्टॅड कायदा आहे, आफ्रिकन-अमेरिकन इतिहास शाळेत शिकवायलाच हवा, आणि ते योग्यच आहे, पण बऱ्याच पुस्तकांत गोष्ट गुलामांच्या जहाजापासून सुरू होते. म्हणजे मुलांना आफ्रिकेतला माणूस पहिल्यांदा भेटतो तोच साखळदंडात. घानाच्या किनाऱ्यावरच्या केप कोस्टच्या किल्ल्यात, जिथे पकडलेल्या माणसांना जहाजावर चढवण्याआधी कोंडून ठेवायचे, मी गेले तेव्हा खाली पुरुषांच्या कोठड्या, खिडक्या जवळपास नाहीत, दगडी जमीन, आणि वर चर्च, अगदी त्याच कोठड्यांच्या डोक्यावर. प्रार्थना म्हणणाऱ्यांना खालचं ऐकू येत नसेल का, असं ग्रुपमधल्या एकीनं विचारलं, आणि त्यानंतर बसमध्ये बराच वेळ कोणी काही बोललं नाही. रात्री मी तुम्हाला मेसेज केला, हे मुलांना कसं दाखवू? तुमचं उत्तर आलं, "आत्ता नको. आधी माणसं भेटव. वाके, शाळा, ओवारे, राजमाता या असांतेवा. किल्ला शेवटी."

तसंच केलं. आधी सकाळ. मग वार, म्हणजे घानातल्या अकान समाजाच्या घरात मुलाला जन्मवाराचंही नाव असतं, शुक्रवारचा कोफी, शनिवारचा क्वामे, तर मुलांनी आपापले वार शोधले, आणि संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस असलेले कोफी अन्नान आणि १९५७ मध्ये घाना स्वतंत्र झाला तेव्हाचे पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा कुठल्या वारी जन्मले ते माझ्याआधी त्यांनीच सांगितलं. मग या असांतेवा, एजिसूची राजमाता, जिनं १९०० मध्ये इंग्रजांच्या विरुद्ध असांते लोकांना उभं केलं कारण गव्हर्नरनं सोन्याचं सिंहासन मागितलं होतं, आणि जी १९२१ मध्ये दूर सेशेल्समध्ये कैदेतच गेली. आणि त्यानंतर किल्ला. धडा इतिहासाच्या क्रमानं नाही बसत असा, मला माहितीये, मलाही आधी शंका होती, पण आता कोणी कितीही सांगितलं तरी मी हा क्रम बदलणार नाही. कारण कोठडीचा फोटो बघून मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, खाली कोंडलेल्यांना पण ओवारे येत असणार ना? हो, येत होता. आणि तो त्यांनी पलीकडे नेला, अँटिग्वा आणि बार्बाडोसमध्ये तो आजही खेळतात, तिथं त्याला वारी म्हणतात. ते ऐकून तिनं बोर्डाकडे बघितलं आणि म्हणाली, म्हणजे सगळं काही नाही घेता आलं त्यांच्याकडून. अकरा-बारा वर्षांची पोर, ताई.

या सगळ्यात घरची बाजू तुम्ही सांभाळलीत ते मी विसरलेले नाही. यलो फिव्हरची लस कुठे मिळते ते तुम्ही शोधलंत, मी नसताना माझ्या लेकीला कॅम्पमधून आणणं, तिचा डबा, तिला ताप आला ती रात्र. ह्यांना तेव्हा नाइट शिफ्ट होती, तुम्ही नसतात तर मी अर्ध्यातून परत आले असते.

२०२५ मध्ये शिक्षण खात्यानं त्या वर्षाची फुलब्राइट-हेजची निवड रद्द केली. फॉर्म भरून वाट बघणारे शिक्षक तसेच राहिले. मला याचा फार राग आहे आणि तो मी लपवत नाही, कारण सरकारी हिशोबात चिमूटभर पैशांत शेकडो वर्गांपर्यंत पोचणारी ही गोष्ट आहे, एका शिक्षकाच्या हाताखालून दरवर्षी शंभरेक मुलं जातात. पण तुम्ही रागावून बसला नाहीत. तुम्ही सेनेगलचे तुमचे धडे, माझे घानाचे, बाकी ओळखीच्यांचे असे एकत्र केलेत, जो मागेल त्याला पाठवलेत, आणि कापडं, बोर्ड, चित्रांची पुस्तकं घालून ती मोठी पेटी केलीत जी आता एका शाळेतून दुसऱ्या शाळेत फिरते. वाचणाऱ्यांपैकी कोणी शिकवत असेल तर मला सांगा, पेटी तुमच्याकडेही येईल. जवळच्या युनिव्हर्सिटीत आफ्रिकन स्टडीजचं सेंटर असेल तर तिथंही विचारा, शाळांसाठी साहित्य देणारं कोणी ना कोणी बऱ्याच ठिकाणी असतं.

ताई, रिटायर झालात तरी शुक्रवारी तिसऱ्या पिरियडला ओवारे असणारच आहे. सप्टेंबरपासूनचा व्हिजिटर पास मी ऑफिसमध्ये सांगून ठेवते. आणि त्या मागच्या बाकावरच्या मुलीला हरवायची तयारी करून या, ती आता मला ऐकत नाही.

तुमचीच,
शेजारच्या वर्गातली