तिकिटे पुढे ढकलली आहेत, रागावू नका

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्हाला न विचारता मी तुमची विमानाची तिकिटे काही आठवडे पुढे नेली आहेत. फोनवर आईचा आवाज पडला असता आणि माझा निश्चय डळमळला असता, म्हणून पत्र लिहिते आहे. छोटीच्या वाढदिवसाला तुम्ही नसणार याचे मलाही फार वाईट वाटते. पण बाबांचा खोकला पुरता गेलेला नाही, गेल्या हिवाळ्यातला न्यूमोनिया मी विसरलेले नाही, आणि फ्लूची लस घेतल्यावर शरीराची तयारी व्हायला साधारण दोन आठवडे लागतात.

बाबा, विमानातली हवा स्वच्छ असते असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेच आहे. उड्डाणात ही हवा तासाला वीस ते तीस वेळा बदलते, आणि जी पुन्हा आत सोडतात ती अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून येते. परंतु शेजारच्या माणसाचा खोकला आणि तुमचा श्वास यांच्यामध्ये कोणताही फिल्टर नसतो. शिवाय विमान जमिनीवर उभे असताना ही व्यवस्था बंद राहिली तर काय होते, ते १९७७ साली अलास्कात दिसले : इंजिन बिघडल्यामुळे तीन तास खोळंबलेल्या विमानात फ्लू झालेली एक प्रवासी होती, आणि आतल्या ५४ जणांपैकी ७२ टक्के लोक तीन दिवसांत आजारी पडले. २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात सार्स या श्वसनरोगाची लागण रुग्णाच्या सात रांगा पुढे बसलेल्यांनाही झाली होती. असे रोज घडत नाही, तेव्हा घाबरू नका. पण बाबांच्या छातीच्या बाबतीत मला जोखीम नको.

म्हणून आता थेट विमान घेतले आहे. मधल्या विमानतळावरची गर्दी आणि रांगा टळतील. खिडकी नेहमी आईची, तरी या वेळी ती बाबांना दिली आहे, कारण तिथे ये-जा करणाऱ्यांचा संपर्क कमी येतो. आई, तू शेजारीच आहेस. चाकाची खुर्ची सांगून ठेवली आहे, तेव्हा चालावे लागणार नाही. लहानपणी मला डांग्या खोकला झाला तेव्हा तू रात्र रात्र मला खांद्यावर उभे धरून बसायचीस; आता थोडी काळजी मला करू दे.

लस याच आठवड्यात दोघांनीही घ्यायची. एन-९५ मास्क विमानात चढण्यापूर्वीच लावायचा आणि विमान उभे असतानाही काढायचा नाही. शेजारचे जेवत असतील तोवर थांबायचे, त्यांचे झाल्यावर तुम्ही जेवायचे. केबिनची हवा फार कोरडी असते, म्हणून मधूनमधून पाणी प्यायचे. जवळ कोणी सारखे खोकत असेल तर संकोच न करता कर्मचाऱ्यांना दुसरी जागा मागायची. आणि निघण्याआधी अंगात कणकण वाटली तर ती माझ्यापासून लपवायची नाही. तिकीट मी पुन्हा बदलेन.

तुमची लाडकी,
ताई