कॉइल जळली, मी ठणठणीत

कार्ल्सरुहे, रविवार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

लॅबमधली सुपरकंडक्टर कॉइल जळाल्याचं माझ्या तोंडून निसटलं आणि तुम्ही दोघं रात्रभर जागलात, असं मंदार म्हणाला. मला काही झालेलं नाही. नोकरीही शाबूत आहे. आई, उणे 196 अंशांच्या नायट्रोजनजवळ मी हातमोजे घालूनच जाते.

बाबा, ‘रेझिस्टन्स शून्य, तर जळते कशी?’ हा तुमचा प्रश्न मी लॅबमध्ये सांगितला, सगळे गप्पच झाले. सुपरकंडक्टर म्हणजे खूप गार केली की रेझिस्टन्स शून्य होणारी तार. आमची तार म्हणजे 4 मिमी रुंदीची पट्टी. बाहेरून तांबं, आत निकेलच्या मिश्रधातूचा पत्रा, आणि खरं काम करणारा थर जेमतेम 1-2 मायक्रॉन. त्यातून शंभरावर अँपिअर जातात. पण एका जागी स्फटिक तिरके बसले किंवा थर सुटला, की तेवढाच ठिपका तापतो आणि तिथलं ‘शून्य’ संपतं. जुन्या नायोबियमच्या तारेत ही उष्णता झपाट्याने पसरते, व्होल्टेज चढतं, सप्लाय तुटतो. आमच्या पट्टीत ती मुंगीच्या पावलांनी सरकते. मीटरला कळेपर्यंत ठिपका जळून गेलेला. माझा डाग तुरीच्या दाण्याएवढा होता, वास मात्र अगदी आपल्या भोसरीच्या वाइंडिंगच्या दुकानातला.

यावरचा उपाय वाचून तुम्ही मला दुकानाबाहेर काढाल. वेढ्यांमध्ये इन्सुलेशनच घालायचं नाही! मुद्दाम इंटर-टर्न शॉर्ट! खराब ठिपका आला की करंट शेजारच्या वेढ्यात उडी मारतो. 2019 साली अमेरिकेत तलाहासीला अशीच कॉइल एका मोठ्या चुंबकाच्या पोटात बसवून 45.5 टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र गाठलं. दवाखान्यातलं एमआरआय बहुधा दीड टेस्लाचं असतं. खोट एवढीच, की अशी बिनइन्सुलेशनची कॉइल चार्ज व्हायला फार वेळ घेते.

आई, व्हिडिओ कॉलवर मी घरात शाल घेऊन का बसते, ते ऐक. इथे कडाक्याच्या थंडीतही हीटर बंद करून सगळ्या खिडक्या सताड उघडतात. दहा मिनिटं, दिवसातून दोनदा. नाहीतर भिंतीला बुरशी येते म्हणे. माझ्या भाडेकरारात तसं कलम आहे! खिडकी नुसती किलकिली ठेवलेली चालत नाही, घरमालकीणबाई जिन्यातून बघतात. आजारी नाहीये मी.

हॉलच्या अ‍ॅडव्हान्ससाठी दीड लाख पाठवलेत. मंदारच्या साखरपुड्याला मात्र जमणार नाही, त्याच आठवड्यात नव्या कॉइलची चाचणी आहे. लग्नाला नक्की. काकूंनी आणलेल्या स्थळाला ‘विचार करतेय’ म्हणा, आणि खरंच करतेय. बाबांच्या मोतीबिंदूची तारीख मला मंदारकडून का कळावी? दुकान भाड्याने द्यायचं तर द्या, पण ते हाताने फिरवायचं वाइंडिंग मशीन भंगारात घालू नका. वेढे मोजायला मी त्याच्यावरच शिकले.

तुमची,
शमी