एका पावतीसाठी वीस हजार ओळी कशाला?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी भागात घरोघरी मोबाइलवर एकच गोष्ट बघितली जाते, ती म्हणजे उसाच्या वजनाची आणि बिलाची यादी. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत. त्यामुळे तोड झालेला माणूस रोज यादी उघडतो. मी बेळगावात टिळकवाडीला सॉफ्टवेअरचे काम करते, पतसंस्था आणि दूध संस्थांसाठी अशाच याद्यांची पाने बनवते. सुट्टीला वेदगंगेकाठी माहेरी गेले की भावाच्या झेरॉक्सच्या दुकानात बसते. तिथे जे बघते त्यावरून हे लिहीत आहे.

एका कारखान्याच्या संकेतस्थळावरची यादी उघडली की आधी बराच वेळ पांढरा पडदा, मग फोन तापतो, बोट फिरवले तरी काही हलत नाही आणि शेवटी ब्राउझरच बंद पडतो. लोक म्हणतात, "रेंज न्हाई बघ." रेंज असते. (कारखान्याचे नाव लिहीत नाही, कारण हे दुखणे त्याच्या एकट्याचे नाही.) त्या पानावर अख्ख्या हंगामाची यादी एकदम पाठवली जाते. समजा २०,००० ओळी आणि १२ रकाने, म्हणजे २,४०,००० चौकटी झाल्या. ब्राउझरला त्यातली प्रत्येक चौकट स्मरणात ठेवावी लागते, तिची रुंदी-उंची मोजावी लागते. त्यात देवनागरी असो की कन्नड, अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. 'पाटील' या एका आडनावाचे, काना-वेलांटी धरून, पंधरा बाइट. पाठवताना दाबून लहान करता येते खरे, पण फोनवर उलगडल्यावर ओझे तेवढेच. सभासदाला हवी असते स्वतःची एक पावती आणि आपण दप्तराचे सगळे कपाट त्याच्या अंगावर रिकामे करतो.

यावरचा उपाय महागडा नाही. सर्व्हरने, म्हणजे यादी पाठवणाऱ्या संगणकाने, एका वेळी पन्नास ओळीच द्याव्यात; शोधणे, क्रम लावणे हे सगळे तिकडेच व्हावे. सभासद क्रमांक, गाव, तारीख यांवर डेटाबेसमध्ये (जिथे सगळी माहिती साठवलेली असते तिथे) इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, असावा. पानांची सोय करतानाही एक खोच आहे. 'पहिल्या १९,९५० ओळी सोडून पुढच्या ५० दे' असे विचारले तर डेटाबेस त्या सगळ्या ओळी चालून जातो आणि टाकून देतो, म्हणून मागची पाने रेंगाळतात. त्याऐवजी 'या पावती क्रमांकाच्या पुढच्या ५० दे' असे विचारले की इंडेक्सवरून थेट तिथे पोचता येते. ४०० व्या पानावर एकदम उडी मारता येणार नाही, पण तशी उडी मारायची असते कुणाला?

दिसतील तेवढ्याच तीस-चाळीस ओळी पडद्यावर मांडायच्या आणि बोट सरकेल तशा बदलायच्या, ही युक्ती कार्यालयातल्या कामाला उत्तम. गावातल्या यादीसाठी मात्र मी ती सुचवणार नाही. ब्राउझरचा 'पानावर शोधा' त्या वेळी मांडलेल्या ओळींपुरताच चालतो आणि प्रिंट काढली तरी तेवढाच तुकडा येतो. आमच्याकडे तर लोक प्रिंट काढायलाच येतात.

आता क्रमाबद्दल. भावाच्या दुकानात एक काका यादीत मोठे वजन वर लावून बघत होते. ९.४५० टनाची खेप सगळ्यात वर आणि त्यांची १८.३२० टनाची खाली. "माझं वजन कमी धरलंय," म्हणून ते खरोखर अस्वस्थ झाले. वजन बरोबर होते. तो रकाना आकडा म्हणून न ठेवता मजकूर म्हणून ठेवला होता आणि मजकुरात ९ हा १ च्या नंतर येतो, एवढेच. नावांचेही तेच. संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो; नुसत्या त्या क्रमांकांप्रमाणे ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो, मराठीत तो ह नंतर येतो. म्हणून 'काळे' हे 'कावळे'च्या आधी लागतात आणि माणूस नाव नाही असे समजून परत जातो. मराठी क्रमाचे नियम ब्राउझरमध्ये आणि बहुतेक डेटाबेसमध्ये तयार मिळतात, फक्त मागावे लागतात.

सीमाभागात आणखी एक गोष्ट. नावे कन्नड लिपीत साठवलेली असतील तर देवनागरीत टाइप करून काहीच सापडत नाही. नाव दोन्ही लिपींत साठवावे, रकान्यांची शीर्षके दोन्ही भाषांत द्यावीत. आकडे तेच राहतात, त्यामुळे यादीचे वजन फारसे वाढत नाही. शिवाय फोनवर बारा रकाने बाजूला सरकवताना नावाचा रकाना जागेवर स्थिर राहिला पाहिजे. नाही तर शेजाऱ्याचे टनेज आपले म्हणून वाचले जाते. हे मी पुन्हा पुन्हा बघितले आहे.

सगळ्यात जास्त काळजी मला वेगळ्याच गोष्टीची वाटते. पूर्ण यादी फोनवर पाठवून तिथे गाळली जाते तेव्हा इतरांचे मोबाइल नंबर आणि बँक खाते क्रमांकही सोबत येऊ शकतात. रकाना लपवला म्हणून माहिती पोचली नाही असे होत नाही. थोडी माहिती असलेला कुणीही ती काढून बघू शकतो. जे दाखवायचे नाही ते सर्व्हरवरून निघताच कामा नये.

हे सगळे घडते कारण संचालक मंडळापुढे दाखवताना यादीत पन्नासेक नावे असतात आणि दाखवणाऱ्याचा लॅपटॉप चांगला असतो. तेव्हा सगळे झटपट चालते. कारखाने, दूध संघ, पतसंस्था, सगळ्यांना विनंती आहे की शेवटचे बिल देण्याआधी मागच्या पूर्ण हंगामाचा डेटा भरून, एखाद्या सभासदाच्या साध्या फोनवर, गावातल्या नेटवर यादी उघडून बघा. ही अट करारातच लिहून घ्या. आमच्या भागातल्या कुठल्याही संस्थेला अशी तपासणी करायची असेल तर मी एक रविवार विनामोबदला यायला तयार आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे.

आपली,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव