आकडे वाढतात, डब्यांची निगा कोण राखणार?

महोदय,

वेगळ्या छंदांची ओळख करून देताना वृत्तपत्रे जिओकॅशिंगबद्दल अधूनमधून लिहितात. मोबाइलमधल्या जीपीएसच्या मदतीने कोणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचे आणि डबा होता तसा परत ठेवायचा, ही माहिती बरोबर असते. पण मथळ्यात येतो तो ‘अमक्याने इतके हजार डबे शोधले’ हा आकडा. त्यावरून नवशिक्याला वाटते, खेळ मोजणीचा आहे. डबा कोरडा कसा राहतो, फुटला तर काम कोणाचे, सापडला नाही तर काय लिहायचे, याबद्दल ओळही नसते. महाराष्ट्रात असे डबे मुळात थोडे आणि विखुरलेले आहेत. त्यातल्या एकाच्या कागदाचा लगदा झाला की त्या परिसरातला खेळच थांबतो. म्हणून हे पत्र थोडे लांबले आहे.

आकडेवारीला माझा विरोध नाही. geocaching.com या खेळाच्या संकेतस्थळावर प्रत्येक डब्याचे एक पान असते. त्यावर डब्याला काठिण्य (शोधणे किती अवघड) आणि भूभाग (तिथे पोहोचणे किती अवघड) यांसाठी १ ते ५ असे, अर्ध्या-अर्ध्या पायरीने गुण असतात. नऊ गुणिले नऊ अशा ८१ चौकटी होतात आणि प्रत्येक चौकटीतला एक तरी डबा शोधून त्या भरायला निघालेला माणूस कधी ना कधी भूभाग ५ च्या डब्यापाशी पोहोचतो, म्हणजे दोर किंवा होडी वापरायला शिकतो. पसंतीचे गुणही उपयोगाचे आहेत. सशुल्क सदस्याला दहा शोधांमागे असा एकच गुण देता येतो, त्यामुळे तो जपून दिला जातो. मात्र त्याची नुसती बेरीज पाहू नये, किती शोधकांपैकी किती जणांनी दिला ते पाहावे. रस्त्याकडेच्या हजार भेटींच्या डब्याला ५० गुण आणि डोंगरातल्या ३० भेटींच्या डब्याला २० गुण असतील, तर डोंगरातला डबा नक्कीच सरस आहे.

बिघडते ते ‘सापडला’ या एकाच आकड्याच्या हव्यासाने. अमेरिकेत नेवाडामधील स्टेट रूट ३७५ वर ओळीने हजारांवर डबे ठेवले गेले. दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवे, या नियमाच्या अगदी काठावर. तिथे रूढ झालेली पद्धत अशी : गाडी थांबवायची, तिथला डबा उचलायचा, त्याच्या जागी आधीच सही केलेला मागच्या ठिकाणचा डबा टाकायचा आणि उचललेल्यावर पुढे जाता जाता सही करायची. म्हणजे कोणताच डबा आपल्या जागी राहत नाही. एकसारख्या डब्यांच्या त्या रांगेत हे मालकालाही, म्हणजे डबे ठेवणाऱ्यालाही, चालते. तीच सवय घेऊन कोणी सह्याद्रीत आला, तर मालकाने जागा बघून निवडलेला डबा कायमचा हरवतो.

सर्वांत मोलाची नोंद ‘सापडला नाही’ ही आहे आणि लोक नेमकी तीच कमीपणा वाटून टाळतात. खेळाडू तिला डीएनएफ (‘डिड नॉट फाइंड’) म्हणतात. संकेतस्थळ डब्याच्या प्रकृतीचा एक गुणांक काढते. त्यात डीएनएफ, दुरुस्तीच्या तक्रारी आणि डब्याचे काठिण्य यांचा विचार होतो आणि गुणांक फार घसरला की मालकाला ईमेल जातो. काठिण्य दीडच्या डब्यावर लागोपाठ दोन-तीन डीएनएफ आले तर डबा बहुधा गेलेला असतो. काठिण्य साडेचारच्या डब्यावर तेवढेच आले तर त्यावरून काहीच ठरत नाही. तिघे हात हलवत परत आले आणि तिघेही गप्प राहिले, तर चौथा पन्नास किलोमीटर गाडी चालवून रिकाम्या कपारीपाशी जातो. जागेवर पोहोचून शोध सुरू केला आणि मिळाला नाही, तर नोंद करा. किती वेळ शोधले आणि कुठवर पाहिले ते लिहा, पण लपवलेली जागा उघड करू नका.

याहून घातक प्रकार म्हणजे मूळ डबा मिळत नाही म्हणून खिशातली फिल्मची डबी दगडाखाली सरकवायची, तिच्यातल्या कागदावर नाव लिहायचे आणि ‘सापडला’ म्हणून मोकळे व्हायचे. वरवर ती मदत वाटते. मूळ डबा बहुतेक वेळा दोन हात पलीकडे असतोच. मग एका जागी दोन डबे होतात, पुढचे लोक चुकीच्यावर सही करतात, मालकाला काहीच कळत नाही आणि त्या डबीची जबाबदारी कोणीच घेत नाही. मालकाने स्वतः सांगितल्याशिवाय दुसरा डबा ठेवू नये. तक्रारीचेही तसेच आहे. ‘मजा आली, कागद ओला आहे’ असे शोधाच्या नोंदीत लिहून भागत नाही. ‘मालकाने लक्ष द्यावे’ ही वेगळी सूचना टाकली तरच पानावर पान्याचे (स्पॅनरचे) चिन्ह येते. मालकाने प्रत्यक्ष जाऊन दुरुस्ती करावी आणि ‘देखभाल केली’ अशी नोंद टाकावी, मग ते चिन्ह जाते. घरबसल्या ते चिन्ह पुसणे ही सरळ फसवणूक आहे.

आता डब्याबद्दल. आपल्याकडे डबे मरतात ते मुख्यतः पाण्याने. ३५ मिलिमीटर फिल्मची डबी जलरोधक नाही. दिवसा तापते, रात्री निवते आणि निवताना झाकणाच्या फटीतून दमट हवा आत ओढते. जून ते सप्टेंबर हे रोज घडते, मग पाऊस थेट पडला नाही तरी कागद भिजतो. लहान डब्यासाठी पेट बाटलीचा प्रीफॉर्म, म्हणजे फुगवण्याआधीची जाड नळी, फिरवून बसणाऱ्या आट्यांच्या झाकणासह वापरावी. मोठ्यासाठी चारही बाजूंनी खटके आणि सिलिकॉनची रबरी कड असलेला ३०० मिलिलिटर ते १ लिटरचा पारदर्शक डबा घ्यावा. आत कोरडा टिश्यू पेपर ठेवून, वर वजन देऊन, रात्रभर बादलीत बुडवावा. सकाळी टिश्यू जरा जरी दमट लागला तरी तो डबा स्वयंपाकघरात परत न्यावा.

चांगला डबाही फसतो, त्याचे नेहमीचे कारण म्हणजे आतल्या प्लास्टिक पिशवीचा कोपरा रबरी कडेत अडकतो आणि तिथून पाणी झिरपते. वाळूचा एक कण तेवढेच काम करतो. म्हणून बंद करण्यापूर्वी कडेवरून बोट फिरवावे. उन्हाने खटक्यांचे बिजागर ठिसूळ होतात, तेव्हा डबा थेट उन्हात नको. सिलिका जेलची पुडी एकदा ओली झाली की वाळवेपर्यंत निरुपयोगी, ती प्रत्येक देखभालीत बदलावी. पेन नको, शिसपेन्सिलच हवी. कागदावरच्या रेघा इंकजेटने छापल्या तर शाई पसरते, लेझर प्रिंट टिकते.

२ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएस संकेतांतली मुद्दाम ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये या खेळातला पहिला डबा म्हणून एक बादली ठेवली. तिच्यात बीन्सचा एक डबाही होता. आजच्या नियमांत खाद्यपदार्थ बसत नाहीत आणि आपल्या घाटांत तर ते मुळीच नकोत. चॉकलेट, सुगंधी साबण, मेणबत्ती यांच्या वासाने माकडे आणि उंदीर डबा फोडतात. शोधणाऱ्याने कपारीत हात घालण्याआधी काठी फिरवावी. दगडाखालचा विंचू डब्याइतकाच लपलेला असतो.

जागेच्या अक्षांश-रेखांशांचे वाचनही अनेकदा चुकते. उघड्या आकाशाखाली मोबाइल तीन ते पाच मीटरपर्यंत अचूक असतो, पण कातळकड्याखाली संकेत परावर्तित होऊन तो बराच भरकटतो. वेगवेगळ्या दिवशी, फोन काही मिनिटे स्थिर ठेवून वाचने घ्यावीत आणि त्यांची सरासरी नोंदवावी. संकेतस्थळ अंश आणि दशांश मिनिटे वापरते, नकाशाचे ॲप बहुधा दशांश अंश दाखवते. १८ अंश ३०.५०० मिनिटे म्हणजे १८.५०८३३ अंश. ते कोणी १८.३०५०० असे टाकले, तर माणूस दक्षिणेला सुमारे साडेबावीस किलोमीटर जाऊन पोहोचतो. इशारा देताना झाडाझुडपाचा आधार घेऊ नये. ‘कारवीच्या जाळीमागे’ हा इशारा सात वर्षांनी कारवी फुलून वाळली की निरर्थक ठरतो. दगड, पायरी, टाके असा न हलणारा संदर्भ द्यावा. पावसाळ्यात वाट बंद होणार असेल तर पान तात्पुरते स्थगित करताना कारण आणि पुन्हा सुरू करण्याचा महिना लिहावा. स्थगितीसाठी साधारण चार आठवड्यांची मुदत धरली जाते. काहीच लिहिले नाही, तर पावसात अडकलेला डबा आणि टाकून दिलेला डबा यांतला फरक रिव्ह्यूअरला, म्हणजे डब्यांची पाने तपासून मंजूर करणाऱ्याला, कळायला मार्ग नसतो.

किल्ल्यांविषयी मात्र मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. तटबंदीच्या सांध्यात, जंगीत (बंदुकीसाठीच्या छिद्रात), देवळीत डबा ठेवूच नये. ठेवणारा एक असतो, पण शोधणारा प्रत्येक जण शेजारचे चार दगड हलवून बघतो, आणि सैल झालेला दगड पुढच्या पावसात निसटतो. संरक्षित स्मारकाची हानी हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांपैकी ११ महाराष्ट्रातले आहेत, त्यामुळे तिथे तर अधिकच जपायला हवे. रेल्वे स्थानके, धरणे, लष्करी परिसर इथेही डबा नको. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली बेवारस वस्तू दिसली तर पोलिसांनी बॉम्बशोधक पथक बोलावणे योग्यच आहे.

डबा ठेवता येत नाही, पण भूशास्त्राच्या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत, अशा जागांसाठी अर्थकॅश हा प्रकार आहे. अमेरिकेच्या जिऑलॉजिकल सोसायटीने तो २००४ मध्ये सुरू केला. त्यात डबा नसतो. जागेवर जाऊन भूशास्त्राचे निरीक्षण करायचे आणि मालकाला उत्तरे पाठवायची. निघोजचे रांजणखळगे, लोणारचे विवर, अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे बेसाल्टचे खांब यांना हे चपखल बसते. मात्र जागेची परवानगी इथेही लागते. आणि प्रश्न असे हवेत की उत्तर जागेवर जाऊनच मिळेल, घरी बसून शोधता येणार नाही. आलेली उत्तरे न वाचणारा मालक हा डबा न तपासणाऱ्या मालकासारखाच.

दिवाळीत परदेशातून गावी येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सुट्टीत डबा ठेवून परत निघून जाणे नियमांत बसत नाही. जवळ राहणारा, डबा सांभाळायला तयार असलेला माणूस आधी ठरवा आणि अर्जात तसे लिहा. दुसरे, साधा जीपीएस रिसीव्हर चालतो, पण उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. त्यावरून विमानतळांवर प्रवाशांना अटक झालेली आहे.

शेवटी, देखभाल जमत नसेल तर पान कायमचे बंद करण्यात काही गैर नाही. पण पान बंद केल्याने डबा नाहीसा होत नाही. आधी डोंगरावर जाऊन डबा, पिशवी, तार, चुंबक सगळे खाली आणावे आणि आत कोणाचे ट्रॅव्हल बग (एका डब्यातून दुसऱ्या डब्यात प्रवास करणाऱ्या, क्रमांक असलेल्या वस्तू) असल्यास ते पुढच्या डब्यात पोहोचवावे. त्यानंतर पानावर ‘डबा काढून घेतला आहे’ असे लिहून मगच ते बंद करावे, म्हणजे जुनी नोंद पाहून कोणी ती जागा उकरत बसणार नाही.

आपला,
एक जिओकॅशर वाचक, पुणे